भिंतीकडची चौकट

"चौगुले, मालन."

तोरसकरबाईंनी चिठ्ठी उलगडून नाव वाचलं आणि चष्म्यावरून हॉलभर नजर फिरवली. पुण्याहून आलेल्या परीक्षक होत्या त्या. पांढरं कडक इस्त्रीचं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलणं असं की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा वापरायचा नाही.

मी उभी राहिले.

"पहिली चिठ्ठी तुझी. जा, चौकट निवड."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कोल्हापुरातल्या आमच्या महिला शिल्पशाळेत भरतकाम शिक्षिकेच्या शेवटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलीनं त्या सकाळी देवाला एकच मागणं घातलं होतं, की पहिली चिठ्ठी माझी निघू दे. कारण लांब बाकावर साहित्य मांडलेलं होतं आणि त्यात सागवानी खांबांची चौकट एकच होती. जमिनीवर आपल्या पायावर उभी राहणारी, वर-खाली दोन लाटण्यांसारखे रूळ, बाजूला पितळी मळसूत्रं. जाळीचं कापड रुळावर गुंडाळायचं, मळसूत्र पिळायचं, की दोन्ही हात मोकळे. एक हात वरून सुई घालतो, दुसरा खालून घेतो. त्या चौकटीवर काम करणारी मुलगी पेटी वाजवायला बसल्यासारखी दिसायची.

बाकीचं साहित्य म्हणजे गोल लाकडी रिंगा, मांडीवर धरायच्या लहान रुळांच्या चौकटी, आणि अगदी शेवटी, भिंतीला टेकून ठेवलेल्या चार फळ्यांच्या साध्या चौकटी. त्यांना रूळ नाहीत, मळसूत्रं नाहीत. नव्या मुलींना पहिल्या महिन्यात हात बसवायला दिल्या जायच्या त्या.

मी बाकाच्या कडेनं चालत गेले. खांबांच्या चौकटीपाशी पोचले तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका इनामदारबाई हसल्या आणि मान हलवली, घे म्हणून. वर्षभर मी तिच्यावरच काम केलेलं त्यांना ठाऊक होतं.

मी ती ओलांडून पुढं गेले आणि भिंतीपाशी खाली बसले.

"मालन," इनामदारबाई म्हणाल्या, "अगं, खांबांची मोकळी आहे ना!"

"असू दे बाई. मला यातली हवी."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. माझी मैत्रीण कुमुद हेरवाडे हसली नाही. ती पांढरीफटक पडली होती. तिला वाटलं, ऐन वेळी माझं डोकं फिरलं.

माझं डोकं ठिकाणावर होतं. पण ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

पंचगंगेच्या काठी आमचं गाव. आमच्या आबांचं गुऱ्हाळ होतं, इंजिनावर चालणारा चरक होता. सोळा संपून सतरावं लागलं होतं तेव्हा मला. चरकात ऊस सारणारा गडी जेवायला गेला होता आणि मी हौसेनं त्याच्या जागी बसले. बांगडी अडकली. बांगडीमागून हात गेला. आबांनी धावत येऊन इंजिनाचा पट्टा पाडला म्हणून मनगटावरच निभावलं.

मिरजेच्या दवाखान्यात खूप दिवस काढले. ठरत आलेलं लग्न मोडल्याचा निरोप तिथंच आला. आई खाटेच्या पायथ्याशी बसून रडायची. आबा दारातूनच विचारायचे, "जेवली का पोरगी?" आणि निघून जायचे. आत यायचे नाहीत. त्यांना माझ्या हाताकडं बघवत नव्हतं. मलाही बघवत नव्हतं. तेव्हापासून मी डावा हात पदराखाली धरायला लागले, तो झोपेतसुद्धा.

त्या वॉर्डात रणनवरे सिस्टर होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती, ठेंगण्या, ठसठशीत बाई. दुपारी वॉर्ड निजला की खिडकीत बसून जाळीच्या कापडावर लोकरीनं गुलाब भरायच्या. त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, गुडघे टेकायच्या उशीसाठी. एकदा मी टक लावून बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते सगळं बिऱ्हाड उचलून माझ्या खाटेवर आणून टाकलं.

"कर बघू."

"सिस्टर, मला एकच हात आहे."

"सुईला एकच नाक आहे. तिचं काही अडलंय का?"

सुई कशी ओवायची ते त्यांनी शिकवलं. टाचणीच्या उशीत सुई उभी रोवायची, लोकरीचा चिमटीत पीळ करायचा आणि नाकात ढकलायचा. ते जमलं. पण रिंग काही जमेना. रिंगेत कापड ताणायचं आणि धरायचं, म्हणजे एक हात त्यातच गेला. गुडघ्यांत धरली तर निसटायची, काखेत धरली तर सुई पोचायची नाही. आणि सैल कापडावर भरलं की जाळीच्या घरांतून तिरका जाणारा अर्धा टाका सगळं एका अंगाला ओढत न्यायचा. माझं पहिलं गुलाबाचं फूल वाऱ्यात सापडल्यासारखं तिरकं झालं होतं.

सिस्टरांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"रिंग दोन हातांच्या बाईची. तुला पायवाली चौकट पाहिजे. ती स्वतः उभी राहिली की तुझा हात तिला धरण्यात जाणार नाही."

पायवाली चौकट कुठं मिळते याची चौकशी त्यांनीच केली, आणि सुट्टी काढून मला घेऊन त्या इनामदारबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. अशी मी शिल्पशाळेत आले.

वर्ष सुखात गेलं. खांबांच्या चौकटीपुढं बसले की मला कशाचीच आठवण व्हायची नाही. माझा हात वर जायचा, खाली जायचा, पुन्हा वर यायचा. दोन हातांच्या मुली दोन टाके घालीत तिथं माझा एक व्हायचा, पण तो एक मोत्यासारखा बसायचा. फक्त चौकटीवर जाळी चढवायची वेळ आली की कुमुद यायची. ती रुळावर कापड शिवून द्यायची, मळसूत्रं पिळून द्यायची. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही आणि मी कधी विचार केला नाही.

विचार करायला इनामदारबाईंनी लावलं. परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत घरी जायला निघाले तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"परीक्षेत चौकट निवडायची, लावायची आणि भरायचं. सगळं एकटीनं. मदतनीस मिळणार नाही."

"बाई, पण कुमुद नुसती जाळी चढवून देईल. भरते तर मीच."

"जाळी चढवणं हेच निम्मं काम आहे, मालन." त्यांचा आवाज कठोर नव्हता, म्हणून जास्त लागला. "उद्या तू शिक्षिका झालीस तर वर्गभर मुलींच्या चौकटी कोण लावणार? कुमुद येणार आहे तुझ्या शाळेत?"

त्यांनी कपाटातून एक जुनी रुळांची चौकट काढून माझ्या हातात दिली. "घरी ने. बघ."

घरी मी त्या चौकटीशी जी झुंज घेतली ती सांगण्यासारखी नाही. कापडाची एक कड दातात धरली, दुसरी पायाच्या अंगठ्याखाली दाबली. वरचा रूळ घट्ट करावा तर खालचा फिरायचा. खालचा आवळावा तर वरचा सुटायचा. रूळ म्हणजे असं जनावर, की त्याला एकाच वेळी दोन्हीकडून धरावं लागतं. शेवटी एका संध्याकाळी मी ती चौकट उचलून अंगणात भिरकावली. आई चुलीपुढून धावत बाहेर आली, चौकटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत चुलीपुढं गेली.

मी ओट्यावर बसून राहिले. वारं सुटलं होतं. चैत्रातलं वळवाचं वारं, धुळीचे लोट घेऊन येणारं. गुऱ्हाळाशेजारी वाळलेल्या चिपाडांचा डोंगर रचलेला होता आणि तो उडायला लागला. गडीमाणसं घरी गेलेली. आबा एकटेच ताडपत्री घेऊन धावले.

मी उठले. "आबा, मी येते!"

"तू नगं! थांब तितंच!"

मी तिथंच थांबून बघत राहिले. ताडपत्री शिडासारखी फुगत होती, आबांना ओढत होती. वाटलं, आता हातातून जाणार. पण त्यांनी कोपऱ्यांच्या मागं धावायचा प्रयत्नच केला नाही. एका कडेच्या बरोबर मधोमध मोठा धोंडा ठेवला. मग वळसा घालून समोरच्या बाजूला गेले, तिथली कड मधोमध धरून ओढली आणि तिथं धोंडा ठेवला. मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर. मग पुन्हा पहिल्या धोंड्याच्या शेजारी, मग त्याच्या समोर. असे एकेक धोंडा ठेवत, समोरासमोर, मधून कोपऱ्याकडं सरकत गेले. शेवटचा कोपरा दाबला तेव्हा ताडपत्री डफासारखी ताठ बसली होती आणि वाऱ्याला आत शिरायला कुठं जागाच उरली नव्हती.

आबा धापा टाकत ओट्यावर येऊन बसले.

"आबा, कोपरे आधी का नाही धरलेत?"

"कोपरा आदी धरला की पोट फुगतंय. मग चार मानसं लागत्यात." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "मधनं दाबत गेलं की एकट्याचं काम हाय. दाबलंय ते धोंडा धरतोय, आपून मोकळंच."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. दाबलेलं धोंडा धरतो, आपण मोकळे. शिल्पशाळेत भिंतीला टेकून ठेवलेल्या त्या साध्या चौकटी डोळ्यांपुढं आल्या. फळ्यांची चौकट, कडेनं पिना. रुळासारखं एकदम सगळं धरायला नको. एक पिन ठोकली की तेवढं काम झालं, ते पिनेनं धरायचं. मग दुसरी.

"आबा, मला चार फळ्या ठोकून द्याल?"

"कशाला?"

"चौकट करायची आहे."

ते उठले, आणि जुन्या खिडकीची चौकट मोडून अंधार पडायच्या आत त्यांनी मला ती करून दिली. कशासाठी ते पुन्हा विचारलं नाही.

उरलेली सुट्टी मी माजघरात दाराला कडी लावून काढली. पितळी टोपीच्या पिना अंगठ्यानं दाबून बसवायच्या. अंगठ्याचं साल निघालं, मग तिथं घट्टा पडला. पण कापड ओढून धरायचं आणि त्याच वेळी पिन दाबायची, हे एका हातानं होईना. गुडघ्यानं दाबून बघितलं. कोपरानं बघितलं. आणि मग एकदा, कोणी बघत नाहीय म्हणून, पदर बाजूला करून डाव्या हाताचं ते थोटं टोक कापडावर ठेवलं आणि जोर दिला.

कापड जागचं हललं नाही. त्या टोकात केवढी ताकद होती! मनगटापर्यंतचं सगळं हाड, सगळा दंड त्यात उतरत होता. डाव्यानं दाबायचं, उजव्यानं ओढायचं, अंगठ्यानं पिन बसवायची. संध्याकाळपर्यंत जाळी टणटणीत झाली.

पण ते कडी लावलेल्या दाराआड. हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं, ते मी करणार नव्हते. तिथं गुडघ्यानं भागवीन असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर आता पुन्हा त्या हॉलमध्ये.

भिंतीकडच्या चौकटी मी एकेक करून फरशीवर ठेवल्या. जी डुगडुगली ती बाजूला केली, कारण तिची फळी पिळलेली. उरलेल्या तिन्हींवर लोकरीचा एक धागा या कोपऱ्यातून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत लावून बघितला, मग तोच धागा दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. दोन्हीकडं सारखा आला तर चौकट काटकोनात आहे, नाहीतर ती आधीच तिरकी. एकीला सारखा आला. ती रंग उडालेली होती आणि जुन्या पिनांच्या भोकांनी चाळण झालेली, पण फळ्या रुंदीला बेताच्या होत्या. हात कडेवरून वळसा घालून पटकन खाली पोचेल एवढ्याच. ती मी उचलली.

तोरसकरबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"धागा कशाला लावलास?"

"कोपरे बघितले, बाई."

"हं." त्यांची नजर माझ्या पदराकडं गेली. "हात का झाकलायस?"

मी पदर आणखी घट्ट धरला. इनामदारबाईंनी पुढं येऊन त्यांच्या कानाशी दोन वाक्यं सांगितली. तोरसकरबाईंनी मला पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"मदतनीस देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाई."

"बस मग."

खांबांची चौकट पुढच्या चिठ्ठीत कुमुदला मिळाली. मला तिच्यासाठी बरं वाटलं.

नमुना सगळ्यांना एकच होता, आंब्याची कोयरी, हिरवी, आत लाल बुट्टा, आणि भोवतीची जमीन पिवळी भरायची. घंटा झाली. मी चौकट टेबलावर ठेवली, जाळीची घडी उलगडली, चौकटीच्या कडेला कापडाचा धागा जुळवला. पहिली पिन मधोमध. ती बसली. समोरच्या बाजूला गेले, गुडघा टेबलाच्या कडेवर टेकवून कापड दाबलं आणि ओढलं. दुसरी पिन बसली. तिसरीला गुडघा सरकला. पदर आवरावा म्हणून मी जराशी वळले, आणि चौकट टेबलावरून घसरून फरशीवर आदळली.

सगळा हॉल दचकला. पिना टणटण करत कुठं कुठं गेल्या. कोणाची तरी कात्री हातातून पडली.

कुमुद उठून उभी राहिली होती. "बाई, मी नुसती उचलून देते..."

"खाली बस," तोरसकरबाई म्हणाल्या.

"कुमुद, नको," मी म्हणाले. "मी करते."

मी खाली वाकले. फरशीवर विखुरलेल्या पिना गोळा करताना सगळ्या मुली माझ्याकडंच बघत होत्या. त्यातल्या निम्म्या रडकुंडीला आल्या होत्या, माझी दया येऊन. आणि मला एकाएकी असा संताप आला, की कान गरम झाले. आबांवर, चरकावर, त्या मुलींवर, कोणावर ते कळेना. मग कळलं, की माझा चांगला धडधाकट दंड मी पदराखाली कोंडून ठेवलाय आणि गुडघ्यानं काम करायला बघतेय. घरात ज्यानं मला जिंकवलं त्यालाच इथं आणायला लाजतेय.

मी उभी राहिले, पदर ओढून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला.

मी चौकट टेबलावर ठेवली, डावा हात सगळ्यांच्या देखत कापडावर ठेवला आणि अंगातलं सगळं बळ त्यावर दिलं. उजव्यानं ओढलं. अंगठ्यानं पिन रोवली. समोर. मग शेजारी. मग त्याच्या समोर. चौकट फिरवत गेले, मधून कोपऱ्यांकडं. तिसऱ्या-चौथ्या पिनेनंतर मला हॉल दिसेनासा झाला. दिसत होते ते फक्त जाळीचे धागे, आणि ते फळीच्या कडेला समांतर आहेत की नाही एवढंच.

शेवटची पिन बसली. मी मधल्या बोटानं जाळीवर टिचकी मारली. डफावर पडावी तशी वाजली. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं वर बघितलं.

मग मी हात वर केला. "बाई, ती कोपऱ्यातली कोळशाची इस्त्री घेऊ?"

तोरसकरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "इस्त्री? अजून तर एक टाका घातला नाहीस."

"दाबून ठेवायला हवी."

त्यांनी इनामदारबाईंकडं बघितलं. इनामदारबाई म्हणाल्या, "खोलीतली वस्तू आहे. घेऊ द्या." मी ती थंडगार, जडशीळ इस्त्री उचलून आणली, चौकटीची मागची फळी टेबलाच्या काठावर ठेवून तिच्यावर बसवली. चौकटीचा पुढचा सगळा भाग टेबलाबाहेर अधांतरी राहिला, वरूनही मोकळा आणि खालूनही. मी स्टुलावर बसले आणि सुई ओवली.

वरून सुई घालायची, हात कडेवरून खाली न्यायचा, ओढायची, खालून वर द्यायची, हात पुन्हा वर. सावकाशीचं काम होतं. इतर मुलींच्या सुया सटासट चालल्या होत्या, माझा हात विणकराच्या धोट्यासारखा येरझारा घालत होता. माझी हिरवी कोयरी अर्धी झाली तेव्हा रिंगवाल्यांची जमीन भरत आली होती. घाई करावी असं एकदा मनात आलं. पण ताणलेल्या जाळीवर टाका कसा सरळ पडतो ते बोटांना कळत होतं, आणि बोटांनी घाई मनावर घेतली नाही. उसवावं लागलं नाही, मोजत बसावं लागलं नाही. काठाशी आलं की इस्त्री उचलायची, चौकट फिरवायची, पुन्हा इस्त्री ठेवायची.

शेवटचा पिवळा टाका कोपऱ्यात बसला आणि मी मागच्या बाजूला लोकर आत ओवून कापली. सुई उशीत टोचते न टोचते तोच घंटा झाली.

"कामं चौकटीवरून उतरवा," तोरसकरबाई म्हणाल्या. "टेबलावर पालथी नको, सुलटी."

मी एकेक पिन काढायला लागले. खरी परीक्षा तीच असते. चौकटीवर सगळ्यांचंच काम सरळ दिसतं. सोडवलं की ते आपलं खरं रूप घेतं.

तोरसकरबाई हातात मोठा लाकडी गुण्या, सुतार काटकोन तपासायला वापरतात तो, घेऊन टेबलाटेबलांवरून निघाल्या. कामाच्या कोपऱ्याला गुण्या लावायचा आणि बघायचं. रिंगांवरची कामं एकामागून एक तिरकी निघत होती. कोणाची कोयरी डावीकडं कलली होती, कोणाची जमीन पतंगासारखी ताणली गेली होती. बाई नुसती टिपणं करत होत्या. कुमुदचं काम सरळ निघालं, केसभर सुद्धा फरक नाही, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली.

मग माझ्या टेबलापाशी आल्या. गुण्या पहिल्या कोपऱ्याला लावला. उचलला. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. तिसऱ्या. चौथ्या. मग काम उलटं करून मागचे टाके बघितले. पुन्हा सुलटं केलं. पुन्हा पहिल्या कोपऱ्याला गुण्या लावला.

माझा डावा हात टेबलावर होता. तो तिथं आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

तोरसकरबाईंनी गुण्या खाली ठेवला आणि हॉलकडं तोंड केलं.

"या सगळ्या इकडं. गोल करून उभ्या राहा."

मुली भोवती जमल्या. बाईंनी माझी मोकळी चौकट उचलून माझ्यापुढं ठेवली, कपाटातून जाळीचा एक नवा तुकडा काढला आणि तो चौकटीवर टाकला.

"ज्यांचं काम तिरकं झालं त्यांनी नीट बघा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "चौगुलेबाई, यांना जाळी लावून दाखवता का?"

बाई! आमच्याकडं शिकवणारीला बाई म्हणतात. आणि मघापासून मला अगंतुगं करणाऱ्या तोरसकरबाईंनी मला ते म्हटलं होतं, अहोजाहो करून, अख्ख्या वर्गापुढं.

मी पिना जवळ ओढल्या.

"कोपरा आधी धरायचा नाही," मी म्हणाले. "कोपरा आधी धरला की पोट फुगतं."

मी डावा हात कापडावर ठेवला. मुली वाकून बघायला लागल्या. आता कोणाच्या डोळ्यांत दया नव्हती. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या, पण तो कुठून तुटलाय ते बघत नव्हत्या. तो कुठं दाबतोय ते बघत होत्या. मघाशी फिसकन हसलेली मुलगी सगळ्यात पुढं होती. "बाई, आम्हाला दोन हात आहेत, तर दाबायला कोणता घ्यायचा?" तिनं विचारलं, आणि आपण मला बाई म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"ज्याच्यात जोर आहे तो," मी म्हणाले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या मुली आता शिकवतात. पण त्या पहिल्या धड्याइतका कोणता धडा मला मनापासून आठवत नाही.

बाहेर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आबा शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभे होते. सकाळपासून तिथंच होते. मी येताना त्यांनी मला लांबूनच बघितलं. कमरेला खोचलेला पदर, उघडा हात. या वेळी त्यांनी नजर वळवली नाही.

"जमलं?"

"आबा, त्या मला बाई म्हणाल्या. चौगुलेबाई. सगळ्यांच्या समोर."

आबांनी डोक्यावरचा पटका नीट केला. मग एकदम वळून रस्त्यापलीकडच्या मिठाईच्या दुकानात शिरले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता मला देतील. पण ते मला ओलांडून सरळ फाटकाकडं गेले, तिथं बसलेल्या शिपायापुढं पुडा उघडून धरला.

"घ्या. आमच्या बाई पास झाल्या."

शिपाई गोंधळला. "आवं पावणं, आज तर परीक्षा झाली. निकाल अजून लागायचाय की."

"त्यो तुमचा," आबा म्हणाले. "आमचा लागला."